डोहातली जोड

माघ लागला तरी बाघ नदीचं पाणी सकाळी असं गार, की पहिला पाय टाकताना तोंडातून शिवी निघावी. रुख्माबाईच्या तोंडून ती रोज निघे. नदीला दिलेली शिवी देवाला पोचत नाही, असं तिचं म्हणणं. तेव्हा मनासारखी देऊन घ्यावी अन् उतरावं.

"चाल वं सरिता. नदी काय तुह्यासाठी पानी तापवून ठेवणार हाय?"

"तुमी शिव्या देऊन राह्यल्या ना आत्याबाई, त्यानंच तापू द्या थोडं," सून हसून म्हणाली, आणि दोराचं टोक सासूच्या कमरेला बांधू लागली.

राजेगावच्या खाली, नदी जिथं वळण घेते, तिथं ढीमरटोला आहे, ढीमर कोळ्यांची वस्ती. पुरुष जाळं टाकतात. शिंपल्या मात्र बायकांच्या. दिवाळीनंतर पाणी उतरलं की बायका डोहाच्या कडेनं छातीभर पाण्यात उतरतात आणि पायांनी शिंपल्या शोधतात. डोळ्यांचं तिथं काम नाही. तळपाय रेतीवरून सरकवत न्यायचा. रेतीतून फुटक्या वाटीच्या काठासारखी धार लागली की अंगठ्यानं चाचपायचं. लहान असली तर राहू द्यायची, मोठी असली तर बोटांत धरून वर उचलायची आणि पाण्यावर तरंगणाऱ्या घमेल्यात टाकायची. आतलं मांस खायला, टरफल भट्टीला. टरफलाचा चुना किरनापूरच्या बाजारात जातो. म्हातारे अजून म्हणतात, तंबाखूला चुना लावावा तर शिंपल्याचाच. डबीतला चुना म्हणजे नुसती जीभ भाजायची.

आणि एकटीनं उतरायचं नाही. डोहाला तळ आहे असं वाटतं तोवर पायाखालची रेती सरकते. आता तर रेतीवाल्यांच्या मशिनींनी नदीच्या पोटात विहिरीएवढे खड्डे करून ठेवलेत. म्हणून दोघी दोघी जातात, कमरेला एकच दोर बांधून. त्याला जोड म्हणतात. ही जोड रोज बदलत नाही. एकदा बांधली की बांधली. एकीला गाव सोडून जायचं झालं, तर तिनं गुडघाभर पाण्यात उभं राहून आपल्या जोडीदारणीचा हात दुसरीच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "हे तुले देल्ली." असं दिल्याशिवाय दुसऱ्या बाईनं तिला दोर बांधला, तर डोह दोघींनाही नेतो. मरण आलं तर मात्र जोड आपोआप सुटते. मेलेल्या माणसाकडून नदी काय मागणार?

जिला जोड नाही ती काठावर बसते. दुसऱ्यांच्या शिंपल्या फोडते, आणि जाताना प्रत्येकजण ओंजळभर मांस तिच्या पदरात टाकते. गावात त्या तीन-चार म्हाताऱ्या. त्यांना 'काठावरच्या' म्हणतात. भीक नाही म्हणत कोणी, पण हात तर पुढे करावाच लागतो ना!

रुख्माबाईची जोड आधी तिच्या जावेशी होती. जाऊ वारली, आणि मग मुलाचं, दुलीचंदचं, लग्न होऊन सरिता आली. लांजीकडच्या कोरड्या गावची पोर, विहिरीतलं पाणी काढताना डोळे मिटणारी. रुख्माबाईनंच तिला नदी शिकवली. पहिल्या दिवशी पोरगी छातीभर पाण्यात रडली होती. आता सासू पुढे चाले आणि सून मागे घमेलं ओढत, आणि सासूचा पाय जरा कुठं डगमगला की मागून दोर ताणला जाई. रुख्माबाई मान वळवून बघतही नसे. तिला माहीत असे, मागे कोण आहे ते.

दुलीचंद दोन पावसाळ्यांपासून रत्नागिरीकडच्या खाडीवर कामाला होता. आधी बोटीवर, मग शिंपल्या निवडायच्या कारखान्यात. सरिताचा फोन पुरात हातातून सुटून नदीत गेला तेव्हापासून घरात फोन एकच उरला होता, रुख्माबाईच्या पोलक्यातल्या बटव्यात. सगळी गडबड तिथंच झाली.

त्या दिवशी ती टरफलांची टोपली घेऊन भट्टीकडे निघाली आणि वाटेत फोन वाजला.

"माय, सरिताले दे."

"ते घरी निजून हाय. बोल."

"तिचा ताप उतरला का?"

सरिता तेव्हा नदीवर होती, ठणठणीत. रुख्माबाईनं टोपली खाली ठेवली. "उतरते अन् चढते," ती म्हणाली.

"दिवाळीपासून ताप म्हणजे काय वं माय? दवाखान्यात ने ना. इकडे खोली तशीच पडून हाय. समोरच खाडी हाय. इथंबी बाया शिंपल्या काढते, तिसऱ्या म्हणते त्याइले. पानी आपल्यानं मागं सरते, मंग त्या चिखलात बसून उकरते."

"पानी आपल्यानं मागं सरते?"

"हौ. रोज दोन डाव."

"दारू प्यायले शिकला का रे तू?"

दुलीचंद हसला. हसता हसता थांबला आणि म्हणाला, "माय, पाठव ना तिले. मी येकटा पडून राह्यलो इथं."

"पाठवते. भट्टी लागू दे एक डाव, मंग पाठवते."

तिनं फोन बटव्यात घातला. येकटा म्हणे! अन् मी? तिला पोराचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि दोन्ही राग टोपलीबरोबर डोक्यावर घेऊन ती चालू लागली.

संध्याकाळी सरितानं जवसाचं तेल कोमट केलं आणि सासूचे पाय मांडीवर घेतले. शिंपल्यांच्या धारेनं तळव्यांना भेगा पडल्या होत्या. सून एकेका भेगेत बोटानं तेल भरी.

"फोन आलता का आज?"

"आलता."

"काय म्हणते?"

"काय म्हणन? खोली नाही भेटली म्हणते अजून."

सरिताचं बोट थांबलं नाही. "नदीवर गीताकाकू म्हणत होती," ती खाली बघत म्हणाली, "लग्नाले इतके वर्स झाले, अजून पाळणा नाही. नवरा तिकडे, बायको नदीत, पाळणा काय शिंपल्यातून निघते का म्हणे. सगळ्या हसल्या."

"तिच्या जिभेले हाड नाही."

"खरंच तर म्हणते."

रुख्माबाईला पाय ओढून घ्यावेसे वाटले. तेल गरम नव्हतं, तरी चटका बसत होता. आता सांगावं, याच क्षणी सांगावं असं मनात आलं. पण सांगितलं की ही जाणार. ही गेली की आपण काठावर. म्हाताऱ्यांच्या ओळीत बसायचं अन् गीताच्या हातून ओंजळ घ्यायची. तिनं डोळे मिटून घेतले आणि झोप आल्यासारखं केलं.

पाप किती दिवस झाकून राहील? पाण्यात दाबून धरलेला ओंडका सोडला की वर येतोच.

भट्टीसाठी सगळ्यांच्या शिंपल्या गीताच्या अंगणात उकडत. मोठं पातेलं, गंज म्हणतात त्याला, चुलीवर, भोवती बायका. पाणी उकळलं की शिंपल्या तोंड उघडत आणि सरिता झाऱ्यानं त्या काढून सुपात टाकी. गीताची पोरगी पिंकी फोन घेऊन आली. फोन मोठ्या आवाजावर होता, आजकालच्या पोरींना कानाला लावायचा कंटाळा.

"काकू, दुलीचंद बोलून राह्यलो. मायचा फोन लागून नाही राह्यला. सरिताचा ताप कसा हाय?"

गीता आधी हसली. "कोणाले ताप? इकडे पाय, झारा घेऊन उभी हाय तुही बायको. रेड्यावानी टणक!"

"दिवाळीपासून ताप हाय म्हणते ना माय. म्हणून तर खोली रिकामी ठेवली म्या."

उकळत्या पाण्यात टरफलं एकमेकांवर आपटत होती, तेवढाच आवाज. सगळ्या रुख्माबाईकडे बघत होत्या, आणि रुख्माबाई चुलीकडे. सरितानं झारा ठेवला, हात पदराला पुसले आणि पिंकीच्या हातून फोन घेतला. "मी बोलून राह्यली," ती म्हणाली. मग ऐकत राहिली. "हौ," म्हणाली. "हौ. भट्टी लागली का येते." फोन परत दिला आणि झारा उचलला.

"सरिता..." रुख्माबाईनं तोंड उघडलं.

"लाकडं आत सरकवा आत्याबाई. इस्तव बाहीर येऊन राह्यला."

गीतासारखी गीता, तीही त्या दिवशी चूप बसली. रुख्माबाईला वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर रुख्माबाई उंबऱ्यातच बसली. सून भात टाकत होती.

"मी खोटं बोलली," रुख्माबाई म्हणाली.

"हौ."

"काहून बोलली ते तरी इचार."

"माहीत हाय मले काहून."

"मंग शिव्या दे. भांडण कर. अशी चूप नोको राहू."

सरितानं गंजावर झाकण ठेवलं. तिचा आवाज चढला नाही. "लोकं माह्या कुशीले नावं ठेवत होते. म्या तुमचे पाय मांडीवर घेऊन तुमाले ते सांगतलं. तुमी डोये मिटून घेतले. तुमाले झोप आली नव्हती आत्याबाई. पाय जागे होते तुमचे."

रुख्माबाई जेवली नाही, आणि सरितानं तिला आग्रह केला नाही. घरात आल्यापासून हे पहिल्यांदा झालं.

भट्टी लागेपर्यंत सून राबली. खाली गोवऱ्या, वर टरफलं, पुन्हा गोवऱ्या, असे थर लावले. भट्टी पेटवायचं काम डोमाजी बुवाचं. टोल्यातला सगळ्यात म्हातारा माणूस, नदीची रीतभात त्याच्याच तोंडी. बुवानं विस्तव लावला आणि धुरातून सासू-सुनेकडे बघत म्हणाला, "आज दोघी मुक्या काहून? भट्टीले बी बोलणं लागते, नाही त चुना काळा पडते." कोणी हसलं नाही. चुना पांढराच निघाला. तो विझवताना उडालेल्या शिंतोड्यानं सरिताच्या मनगटावर फोड आला. रुख्माबाई तेल घेऊन धावली. सरितानं वाटी घेतली आणि स्वतःच्या हातानं लावलं.

जायच्या दिवशी सरिता सकाळी नदीवर गेली. रुख्माबाई मागोमाग. बायका गुडघाभर पाण्यात थांबून होत्या. सगळ्यांना रीत माहीत. आज सरिता सासूचा हात कोणाच्या तरी हातात देणार. गीताची जोड तिच्या पिंकीशीच, आणि पिंकी हट्टा गावच्या मुलाला दाखवली होती, उद्या-परवा तिचं जमलं की गीताला जोड लागणारच होती. गीतानं तर ओला हात पदराला पुसूनही ठेवला.

सरितानं आंघोळ केली. नदीला हात जोडले. आणि वर चढून आली. कोणाकडे बघितलं नाही, काही बोलली नाही.

"काय वं, देल्ली नाही?" कोणीतरी पुटपुटलं.

रुख्माबाईला सगळं समजलं. ही मेली असती तर जोड सुटली असती. दिली असती तरी चाललं असतं. ही तर बांधून ठेवून निघाली. आता कोणी दोर लावणार नाही. शिक्षा द्यावी तर अशी! आणि त्यात तिला अन्याय दिसेना, हेच वाईट होतं. मागून घ्यावं तर कोणत्या तोंडानं?

राजेगावला गोंदियाची गाडी आली. सरिता पाया पडली. "औषध घेत जा गुडघ्याचं," एवढंच म्हणाली. रुख्माबाईच्या जिभेवर वाक्य होतं, मले देऊन जाय वं बाई. गाडीचं दार लागलं, गाडी पुलावर चढली, आणि ते वाक्य तोंडातच राहिलं. घरी येताना ती सगळ्या वाटेनं रडली. वाटेत जो भेटला त्याला म्हणाली, डोळ्यात धूळ गेली.

मग काठ. पहिल्या दिवशी म्हाताऱ्यांनी सरकून तिला जागा दिली, आणि ती जागा देणंच तिला झोंबलं. समोर बायका पाण्यात उतरत, एकमेकींना हाका मारत, शिव्या देत. हिच्या हातात विळा आणि पुढ्यात दुसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग. उन्ह डोक्यावर आलं की एकेकजण येई आणि ओंजळ तिच्या पदरात टाकी. गीता दोन ओंजळी टाकी. रुख्माबाई मान खाली घालून घेई. एकदा ती म्हणाली, "येकच टाक." गीता म्हणाली, "खा ना वं, माह्या बापाचं काय जाते," आणि तिसरी टाकली.

तळव्यांच्या भेगा भरून आल्या. जन्मात कधी नव्हते इतके तिचे पाय मऊ झाले. रात्री पायावर पाय घासला गेला की दुसऱ्याच कोणाचे पाय अंथरुणात आले असं वाटे. एकटीसाठी भात टाकायचा अंदाज तिला जमेना. रोज उरे, रोज कोंबड्यांना जाई. कोंबड्यांशी ती बोले, पण कोंबड्या म्हणजे काय, दाणा संपला की गेल्या. दुलीचंदचा फोन येई. "बरी हाय का माय? सरिता कामावर हाय." नेहमी कामावरच हाय. एकदा मागून भांडं पडल्याचा आवाज आला, तरी ती कामावरच होती. रुख्माबाईनं विचारलं नाही. आपण तापाचं सांगत होतो, तेव्हा पोरानंही ऐकून घेतलं होतं.

चैत्रात पिंकीचं लग्न जमलं. गीता एका संध्याकाळी आली आणि ओट्यावर बसली. "माही जोड जाऊन राह्यली," ती म्हणाली. "डोमाजी बुवाले इचारलं म्या. बुवा म्हणते, इतक्या दूर गेलेली बाई कवा येईन अन् कवा देईन? आता तर फोन हाय. फोनवर हौ म्हटलं तिनं, तरी नदी मानते."

"असं म्हणते बुवा?"

"हौ. लाव फोन. उद्या सकायी दोघी उतरू. मी काय लय चांगली बाई नाही, माहीत हाय तुले. पण दोर सोडणार नाही मी."

रुख्माबाईला हसू आलं आणि रडूही आलं. किती दिवसांनी कोणी तिला पाण्यात बोलावलं होतं! गीता गेल्यावर तिनं पाय पसरून तळवे बघितले. पुन्हा भेगा पडतील, पडू द्या. मग तिनं फोन लावला.

"दुलीचंद, तिले दे. कामावर हाय म्हणू नोको."

मग श्वास ऐकू आला. सुनेचा श्वास ती ओळखत होती. पाण्यात कितीदा पाठीमागे ऐकला होता.

"सरिता, मी तुह्या पाया पडते. मले गीताले देऊन टाक. फोनवरून चालते म्हणते बुवा. काठावर नाही बसवत मले."

"नाही देत," सरिता म्हणाली.

"इतका राग हाय?"

"राग हाय. जाणार नाही तो. पन रागानं नाही म्हणून राह्यली."

"मंग काहून?"

सरिताच्या मागे वाऱ्याचा आवाज होता. "इथं पानी मागं गेलं का बाया चिखलात उतरते. मी बी जाते. येक इकडे, येक तिकडे, कोणी कोणाले बांधत नाही. पयल्या दिवशी माहा पाय मांडीपर्यंत आत गेला. सवयीनं कमरेले हात गेला माहा. दोर नव्हता. म्या 'आत्याबाई' म्हणून आवाज देल्ला. समदीकडे चिखल, आवाज देल्ला तर कोणी पाहेना बी." तिचा आवाज फुटला. "त्या दिवशी नदीवर तुमचा हात धराले गेली होती मी. धरला असता तर द्याच लागला असता. तुमाले देल्लं का पान्यात माहं कोणीच नाही राहत आत्याबाई. तुमी बसा ना काठावर. माह्यासाठी बसा."

फोनमध्ये दोघी रडल्या, आणि कोणी कोणाला उगी म्हटलं नाही. मग सरिता म्हणाली, "पायाले तेल लावत जा," आणि फोन बंद झाला.

सकाळी गीता नवा दोर घेऊन पाण्यात उभी होती. "काय म्हणे? हौ म्हणे ना?"

रुख्माबाई काठावर उभी राहिली. पाणी पायांपासून वीतभर दूर होतं. उतरायला तिचं सगळं अंग आसुसलं होतं.

"नाही जमत वं गीता. माही जोड हाय."

"हाय? कोठी हाय? दाखव ना मले!"

"इथून दिसत नाही," रुख्माबाई म्हणाली, आणि म्हाताऱ्यांच्या ओळीत जाऊन बसली.